शेवाळाची अनलिमिटेड थाळी

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की शैवाल खूश होणार, भरभर वाढणार आणि आपलं प्रदूषण गिळून टाकणार, असं सोपं गणित अनेकांच्या डोक्यात असतं. लोणार ते उजनी हा पाण्याचा प्रवास केला, तर हे गणित कुठे चुकतं ते कळतं. आणि त्यात पुण्याचा वाटा किती, तेही.

जून २०२० आठवतोय? लॉकडाउन, सगळे घरात आणि प्रत्येकाच्या फोनवर एकच फोटो. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर चक्क गुलाबी झालं होतं. उल्कापातातून तयार झालेलं हे सरोवर एरवी हिरवंगार दिसतं. कुणी म्हणालं फोटोशॉप, कुणी म्हणालं चमत्कार. ज्यांनी अकरावी-बारावीचं बायोलॉजी मन लावून केलं होतं, ते म्हणाले, ‘शैवाल असणार.’ हा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. ड्युनॅलिएला नावाचं खाऱ्या पाण्यातलं एक शैवाल आहे. खारटपणा आणि ऊन यांचा ताण वाढला की ते बीटा कॅरोटीन साठवतं आणि केशरी-लाल होतं.

उत्तर मात्र सापडलं आपल्या पुण्यात, गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेत. (रस्ता आगरकरांचा, संस्था आघारकरांची. एक समाजसुधारक, दुसरे वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर. पुणेकरांचाही इथे रोज गोंधळ होतो.) लोणारच्या पाण्याचे नमुने तिथे आले. पाणी काही काळ स्थिर ठेवलं, तर गुलाबी थर तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यातल्या जिवांचा होता. आणि ते जीव शैवाल नव्हतेच. ते होते हॅलोआर्किया, म्हणजे मीठ आवडणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. त्या उन्हाळ्यात सरोवराचं पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांची चलती झाली.

इथे आपल्या कामाची गोष्ट एकच: पाण्याचा रंग हा रिपोर्ट असतो. आत कोण राहतंय, त्याला काय जास्त मिळतंय आणि काय कमी पडतंय, हे तो सांगतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत असताना हा रिपोर्ट कसा बदलेल, याचा शोध जगभरातले शास्त्रज्ञ घेत आहेत.

रंग कुठून येतो?

आपण मराठीत सगळ्याला सरसकट शेवाळ म्हणतो. पावसाळ्यात वाड्याच्या भिंतीवर येणारी मऊ हिरवी मखमल ही खरं तर बहुतेक वेळा मॉस असते. इथे विषय आहे पाण्यातल्या शैवालांचा: एकपेशीय हिरवी शैवालं, सोनेरी-तपकिरी डायटम आणि निळी-हिरवी शैवालं म्हणजे सायनोबॅक्टेरिया. शेवटचे शास्त्राच्या दृष्टीने जिवाणू आहेत, पण कामं शैवालांचीच करतात.

या सगळ्यांकडे प्रकाश पकडायची रंगद्रव्यं असतात. हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषतं, हिरवा परत पाठवतं. डायटमचा सोनेरी रंग फ्युकोझँथिनचा. स्पिरुलिनाच्या गोळीत हरितद्रव्याबरोबर निळं फायकोसायनिनही असतं. कॅरोटीनसारखी केशरी द्रव्यं जास्तीच्या उन्हापासून पेशीला वाचवतात.

ही द्रव्यं फुकट तयार होत नाहीत. हरितद्रव्याच्या रेणूत नायट्रोजन लागतो. फायकोसायनिन तर प्रथिनच आहे, म्हणजे नायट्रोजनचा मोठा खर्च. तुमच्या महिन्याच्या बजेटसारखं आहे हे. मेस, रूमभाडं, पेट्रोल यातलं एक वाढलं की दुसऱ्याला कात्री. नायट्रोजन कमी पडला, तर सायनोबॅक्टेरिया आपलंच निळं द्रव्य मोडून त्यातला नायट्रोजन वापरतात. निळसर हिरवं पाणी मग पिवळट दिसायला लागतं.

पाण्यात कार्बन मिळवायला कष्ट पडतात

आता कार्बनकडे येऊ. हवेत कार्बन डायऑक्साइड किती आहे याची सलग मोजणी हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी सुरू केली. तेव्हा आकडा होता दहा लाख भागांत साधारण ३१५ भाग, म्हणजे ३१५ पीपीएम. २०१३ मध्ये पहिल्यांदा ४००चा टप्पा ओलांडला गेला. आता तो ४२०च्याही पुढे आहे.

शैवालाला मात्र पाण्यात राहायचंय. पाण्यात हा वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. त्यातलाही बराचसा बायकार्बोनेटच्या रूपात असतो, जो पेशीला थेट वापरता येत नाही. भरीस भर म्हणजे कार्बन पकडणारं रुबिस्को हे एन्झाइम अतिशय संथ आहे, आणि कधीकधी कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनलाच चिकटतं. सरकारी कार्यालयातली खिडकी डोळ्यांसमोर आणा: काम हळू, त्यात चुकीचा फॉर्म.

यावर शैवालांनी जुगाड केला. बायकार्बोनेट आत ओढणारे पंप बसवले आणि रुबिस्कोभोवती एक बंद खोली बांधली, जिथे कार्बन डायऑक्साइड कोंडून ठेवता येतो. सायनोबॅक्टेरियात या खोलीला कार्बोक्सिसोम म्हणतात, अनेक हिरव्या शैवालांत पायरेनॉइड. या जुगाडाच्या जोरावर ती कमी कार्बनमध्येही मजेत जगतात. लोणारच पाहा. तिथल्या पाण्याचा सामू १०च्या आसपास असतो, म्हणजे मोकळा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नाहीच. पण बायकार्बोनेट आणि कार्बोनेट भरपूर. अशा पाण्यात स्पिरुलिनासारखी निळी-हिरवी शैवालं जोरात वाढतात. लोणारचा नेहमीचा हिरवा रंग त्यांचाच.

पण पंप चालवायला वीज लागते. पेशीसाठी वीज म्हणजे पकडलेला प्रकाश.

पंप बंद केला तर?

समजा, बाहेर कार्बन डायऑक्साइड वाढला. तो आपोआप आत यायला लागला. मग पेशी काय करते? पंप मंद करते. त्यामुळे ऊर्जा वाचते. वाचलेली ऊर्जा वाढीकडे वळवता येते, म्हणून अनेक प्रयोगांत वाढ थोडी वेगवान होते. काही शैवालं याच वेळी प्रकाश पकडणारी रंगद्रव्यंही कमी करतात, कारण तितक्या प्रकाशाची गरजच उरत नाही. अशा वेळी पेशींची संख्या जास्त, पण प्रत्येक पेशी थोडी फिकी.

‘काही शैवालं’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. नायट्रोजन भरपूर असेल, तर उलट हरितद्रव्य वाढलेलंही दिसतं. नायट्रोजन कमी असेल, तर पेशी कार्बन घेत राहते, पण त्याची प्रथिनं करता येत नाहीत. मग तो स्टार्च आणि चरबी बनून साठतो, आणि रंग उतरतो. म्हणजे ‘कार्बन डायऑक्साइड वाढला तर रंग गडद होणार की फिका?’ या प्रश्नाचं उत्तर कार्बन एकटा देतच नाही. प्रकाश किती, नायट्रोजन किती, फॉस्फरस किती, आणि शैवाल कोणतं, हे आधी विचारावं लागतं.

म्हणून थाळीचं उदाहरण घ्या. अनलिमिटेड थाळीत भात कितीही मिळतोय, पण आमटी एकच वाटी. किती भात खाल? कार्बन म्हणजे भात. नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे आमटी-भाजी. भाताचा ढीग वाढवून जेवण वाढत नाही. ते आमटी संपेपर्यंतच चालतं.

हजार पिढ्यांनंतर

‘पण उत्क्रांती आहे ना? शैवालं हळूहळू जास्त कार्बनला सरावतील, आणखी जोमाने वाढतील.’ हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात शिनेड कॉलिन्स आणि ग्रॅहम बेल यांनाही पडला होता. त्यांचा प्रयोग २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय हिरवं शैवाल त्यांनी तब्बल हजार पिढ्या वाढवलं. सोबत कार्बन डायऑक्साइड हळूहळू चढवत १,०५० पीपीएमपर्यंत नेला.

अपेक्षा अशी, की हजार पिढ्यांनी ही शैवालं या हवेत चॅम्पियन होतील. झालं वेगळंच. जास्त कार्बनसाठी खास असं कोणतंही अनुकूलन त्यांच्यात दिसलं नाही. काही वंशांमध्ये पेशी लहान झाल्या, हरितद्रव्य वाढलं, प्रकाशसंश्लेषण वेगात चाललं, पण श्वसनही तितकंच वाढलं. पगार वाढला आणि खर्चही वाढला, शिल्लक तीच. आणि खरी गंमत पुढे आहे. याच वंशांना परत साध्या हवेत आणलं, तर ते नीट वाढेनात. संशोधकांचा अंदाज असा, की कार्बन फुकट मिळत असताना पंपाच्या जनुकांमध्ये बिघाड साचत गेले. वापर नव्हता, म्हणून कुणाच्या लक्षात आले नाहीत. ऑटोने जायची सवय लागली आणि घरातली सायकल गंजली, तसं.

जास्त शैवाल, उपाशी मासे

आता पुढची पायरी. शैवाल खाणाऱ्यांचं काय? तळ्यात डॅफ्निया नावाचा पिटुकला प्राणी असतो. त्याला पाण्यातली पिसू म्हणतात. तो शैवाल खातो, आणि माशांची पिल्लं त्याला खातात. जपानच्या जोतारो उराबे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये छापलेल्या प्रयोगात शैवालांना जास्त कार्बन डायऑक्साइड दिला. शैवाल वाढलं. पण प्रत्येक घासातला फॉस्फरस कमी झाला, आणि ते खाणाऱ्या डॅफ्नियाची वाढ मंदावली. ताटात अन्न जास्त आणि पोषण कमी. रोज फक्त वडापाव खाऊन सेमिस्टर काढलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही.

समुद्र असो की तळं, अन्नसाखळीची पहिली पायरी शैवालच आहे. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं समुद्रात तरंगणारे हे सूक्ष्म जीव करतात. त्यामुळे त्यांच्या पेशीत काय साठतंय, हा फक्त बॉटनीवाल्यांचा प्रश्न नाही. तो ताटातल्या माशापर्यंत येतो.

आणि आमटी वाढतं कोण? आपण.

आतापर्यंत आपण जिथे नायट्रोजन-फॉस्फरस कमी आहे तिथलं पाहिलं. आता उलट चित्र पाहा, कारण पुण्याचं चित्र तेच आहे.

मुळा आणि मुठा शहरात भेटतात. पवना त्याआधीच दापोडीजवळ मुळेला मिळालेली असते. पुढे मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेत जाते आणि भीमा जाते उजनी धरणात. म्हणजे कोथरूडच्या बाथरूममधून, हिंजवडीच्या पीजीमधून, हडपसरच्या सोसायटीतून निघालेलं पाणी शेवटी उजनीच्या दिशेनेच निघतं. त्यात मलमूत्र असतं, साबण आणि डिटर्जंट असतं. वाटेत शेतातली खतं मिसळतात. हे सगळं नायट्रोजन आणि फॉस्फरस. आमटी नुसती वाढलेली नाही, बादलीच उपडी केलीय.

परिणाम डोळ्यांना दिसतो. उजनीचं पाणी अनेकदा हिरवं पडतं. हेच पाणी सोलापूरकर पितात. आणि याच धरणाच्या बॅकवॉटरवर, भिगवणला, तुम्ही हिवाळ्यात पहाटे गाडी काढून फ्लेमिंगो बघायला जाता. फ्लेमिंगोचा गुलाबी रंगही जन्मजात नसतो. तो येतो खाण्यातल्या कॅरोटीन गटातल्या द्रव्यांतून, आणि त्या द्रव्यांचा उगम बहुतांशी शैवालांत असतो. म्हणजे तुमच्या इन्स्टा रीलमधला गुलाबी रंगसुद्धा पाण्यातल्या रंगद्रव्यांवर चालतो.

अशा पोसलेल्या पाण्यात कार्बनची भूमिका बदलते. शैवालाचा दाट थर दुपारपर्यंत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून संपवतो. सामू वर चढतो. आता आमटी भरपूर आहे आणि भातच कमी पडतोय. आणि इथेच हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइड कामाला येतो: तो पृष्ठभागातून आत शिरून हा तुटवडा भरून काढतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रयोग आणि गणिती प्रारूप वापरून हेच मांडलं, की मैलापाण्याने किंवा खतांनी पोसलेल्या तळ्यांमध्ये हवेतल्या वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे शैवालाचे थर आणखी दाट होतील. पाण्यात आधीच बायकार्बोनेट भरपूर असेल, तर हा परिणाम कमी राहतो. कमी असेल, तर जास्त.

त्यांच्या प्रयोगातला जीव होता मायक्रोसिस्टिस, एक निळं-हिरवं शैवाल. त्याचे काही प्रकार यकृताला घातक असं विष तयार करतात. दाट थर रात्री श्वसन करतो आणि मरून कुजतो, तेव्हा पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. त्यामुळे ‘जास्त हिरवं म्हणजे जास्त निरोगी’ हे समीकरण डोंगरावर ठीक आहे. धरणात नाही.

सगळा मुद्दा इथे येऊन ठरतो. वाढलेला कार्बन डायऑक्साइड सगळ्या पाण्याला सारखा बदलत नाही. स्वच्छ पाण्यात त्याला आमटीची मर्यादा आहे. घाण पाण्यात ती मर्यादा आपण स्वतः काढून टाकलीय. हवामानबदल आणि नदीचं प्रदूषण हे वर्तमानपत्राच्या दोन वेगळ्या पानांवरचे विषय वाटतात. शैवालाच्या पेशीत ते एकाच ताटात वाढलेले असतात.

मग शैवालाच्या टाक्या बसवायच्या का?

दर वर्षी टेकफेस्टमध्ये एक तरी टीम हिरव्या पाण्याची काचेची टाकी घेऊन येते: ‘हवा शुद्ध करणारं शैवाल’. सर्बियात बेलग्रेडमध्ये २०२१ मध्ये ‘लिक्विड ३’ नावाचा असा बाक बसवला गेला. त्यात ६०० लिटर पाणी आणि सूक्ष्म शैवालं आहेत. कल्पना भारी आहे. पण प्रोजेक्ट करताना एक प्रश्न विचारा: वाढलेल्या शैवालाचं पुढे काय करणार? ते कुजलं, जाळलं किंवा खाल्लं गेलं, की पकडलेला कार्बन पुन्हा हवेत. कुठे दीर्घकाळ अडकला, तरच फायदा. आणि त्या टाकीला खत कुठून देणार? ते खत जर मैलापाण्यातून घेता आलं, तर प्रोजेक्टला खरा अर्थ येतो. एकाच टाकीत पाणीही साफ.

तुमच्या हातात काय आहे?

जगाचा कार्बन डायऑक्साइड पुण्यातून एकट्याने उतरणार नाही. पण ताटातली आमटी आपलीच आहे. पुणे महापालिकेचा ‘जायका’ प्रकल्प तुम्ही ऐकला असेल. जपानी कर्जाचा करार २०१६ मध्ये झाला. त्यात ११ मैलाशुद्धीकरण केंद्रांचं नियोजन आहे. त्याची बातमी आली की कंटाळून पान उलटू नका. एक नेमका प्रश्न धरून ठेवा: केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस किती? कारण पाणी नितळ दिसलं म्हणजे त्यातलं खत संपलं, असं नसतं. नितळ पाणीही शैवालाला पोटभर जेवायला घालू शकतं. हा आकडा मागण्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. माहिती अधिकाराचा अर्ज कॉमर्सवालाही करू शकतो.

---

करून पाहा

निळं पाणी: मेडिकलमधून स्पिरुलिनाची गोळी आणा. कुटून पेलाभर थंड पाण्यात काही तास भिजवा आणि कॉफीच्या फिल्टरमधून गाळा. पाणी निळं उतरेल. ते फायकोसायनिन, कारण ते पाण्यात विरघळतं. उरलेल्या चोथ्यावर थोडं सर्जिकल स्पिरिट घाला. आता हिरवं उतरेल. ते हरितद्रव्य. पाणी गरम करू नका, निळा रंग मोडतो. स्पिरिट गॅसपासून लांब ठेवा.

चार बाटल्या: एखाद्या तळ्याचं हिरवट पाणी चार पारदर्शक बाटल्यांत भरा. पहिली तशीच ठेवा. दुसरीत चिमूटभर खाण्याचा सोडा, म्हणजे बायकार्बोनेट, घाला. तिसरीत चिमूटभर कुंडीचं एनपीके खत. चौथीत दोन्ही. झाकणं सैल ठेवून खिडकीत ठेवा आणि दोन आठवडे रोज एकाच वेळी, एकाच कोनातून फोटो काढा. हे पाणी पिऊ नका आणि हाताळल्यावर हात धुवा. कोणत्या बाटलीत रंग कसा बदलला, ते फोटो शेजारी शेजारी लावून पाहा. भात आणि आमटी यांतलं कोण कधी महत्त्वाचं, याचं तुमच्या तळ्यापुरतं उत्तर त्या चार बाटल्यांत असेल.